ड्रोनच्या काळात लहान क्षेपणास्त्र नौका टिकतील का?

प्रश्न असा आला आहे : “दर ४ डिसेंबरला १९७१ मधल्या कराचीवरच्या हल्ल्याची गोष्ट ऐकतो. पण आज उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्रे आहेत. मग पाचशे-सहाशे टनांच्या स्टेल्थ, म्हणजे रडारला कमी दिसणाऱ्या, क्षेपणास्त्र नौकांना अजून काही अर्थ आहे का? की तोच पैसा फ्रिगेटसारख्या मोठ्या युद्धनौकेवर घालावा?” विचारणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, म्हणून थोडे आकडे मांडूनच उत्तर देतो.

आधी निकाल सांगतो, मग कारणे. या नौका टिकतील, पण किनाऱ्याच्या आडोशाने, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून आणि डोक्यावर कुणाचे तरी छत्र असताना. उघड्या समुद्रात एकटी सोडली तर पहिलेच हेलिकॉप्टर तिचा शेवट करील, मग रडारला चकवण्यासाठी तिचा आकार कितीही तिरका घडवलेला असो.

नौदलातली माझी बरीच वर्षे क्षेपणास्त्र नौकांवर गेली, शस्त्र विभागात. त्या स्टेल्थ नव्हत्या. सोव्हिएत आराखड्याच्या होत्या, दोन्ही अंगांना क्षेपणास्त्रांची मोठी नळकांडी, वर अँटेनांचे जंगल. रडारला आवडावे असेच सगळे. तरीही लपणे म्हणजे काय ते मी त्याच नौकांवर शिकलो. एका सरावात आमच्या नौकेला सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत रात्रभर एका फ्रिगेटपासून लपायचे होते. आम्ही आमचे सगळे रडार बंद केले, वेग सात-आठ नॉटांवर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणला, मच्छीमार ट्रॉलर लावतात तसे दिवे लावले आणि खऱ्या ट्रॉलरांच्या घोळक्यात शिरलो. पहाटे आम्ही ठरलेल्या अंतरावरून ‘क्षेपणास्त्र सोडले’ असा संदेश दिला तेव्हा फ्रिगेटवरच्यांचा विश्वास बसेना. नंतर बंदरात त्यांच्या अधिकाऱ्याने सांगितले की आमचा ठिपका त्यांना रात्रभर दिसत होता. तो ठिपका त्यांनी ट्रॉलर म्हणून बाजूला ठेवला होता.

माझे सगळे उत्तर या एका रात्रीत आहे. शत्रूला आपण दिसू नये ही फार मोठी अपेक्षा झाली. दिसलो तरी त्याची खात्री पटू नये, एवढे साधले तरी लढाई जिंकता येते. स्टेल्थचा पैसा त्या अनिश्चिततेसाठी मोजायचा असतो.

आता आकडे. रडारची लहर जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते. त्यामुळे एखादी वस्तू किती दुरून दिसेल ते तिच्या परावर्तनाच्या चौथ्या मुळावर ठरते. नौकेचे परावर्तन १०० पट कमी केले, तर ती दिसण्याचे अंतर जेमतेम ३.२ पट घटते. ते अंतर दहाव्या हिश्श्यावर आणायचे तर परावर्तन १०,००० पट घटवावे लागते. हे गणित पहिल्यांदा पाहिले की मन खट्टू होते. एवढा खटाटोप करून एवढेच?

पण दुसऱ्या टोकाकडून बघा. शत्रूचे क्षेपणास्त्र १०० किलोमीटरवरून सुटले आहे असे धरू. ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाने, सेकंदाला ३०० मीटर धरले तर त्याला साडेपाच मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात ३५ नॉटांची नौका ६ किलोमीटर सरकते, ६० नॉटांची १० किलोमीटर. क्षेपणास्त्राच्या नाकातले छोटे रडार साध्या नौकेला २० किलोमीटरवरून पकडत असेल तर ही सरकासरक फुकट आहे, ती त्याच्या टप्प्यातच राहते. परावर्तन १०० पट घटवल्यावर त्याच रडारला ती ६ किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. आता मात्र १० किलोमीटर सरकलेली नौका त्याच्या नजरेच्या बाहेर आहे आणि क्षेपणास्त्र रिकाम्या पाण्यावरून निघून जाऊ शकते. वेग आणि कमी परावर्तन यांची खरी किंमत एकत्र आल्यावर कळते, सुटी-सुटी मोजली तर दोन्ही महाग वाटतात. अर्थात वाटेत विमानाकडून क्षेपणास्त्राला नवी जागा कळवण्याची सोय असेल तर हा हिशेब मोडतो. म्हणून ते विमान आधी गाठणे किंवा त्याचा संदेश तोडणे हाही नौकेच्या बचावाचाच भाग झाला.

दुसरा फायदा भुलवण्याचा. चॅफ म्हणजे धातूचा लेप दिलेल्या बारीक तंतूंचा ढग. क्षेपणास्त्राला नौकेपेक्षा तो ढग मोठा दिसला पाहिजे. फ्रिगेटएवढे परावर्तन असेल तर ढगही तेवढा मोठा लागतो, शिवाय वाऱ्याने विरायच्या आत काम व्हावे लागते. नौकेचे परावर्तन शंभरावा हिस्सा असेल तर साधा ढगही तिच्यापेक्षा ठसठशीत दिसतो. जॅमर म्हणजे शत्रूच्या रडारमध्ये गोंगाट भरणारे यंत्र, त्याचेही तसेच. जॅमरच्या गोंगाटात नौकेचा खरा प्रतिध्वनी बुडालेला असतो, क्षेपणास्त्र जवळ आले की तो वर येतो. हा ‘वर येण्याचा’ टप्पा परावर्तनाच्या वर्गमुळावर ठरतो. इथे १०० पट घट केली की अंतर थेट दहाव्या हिश्श्यावर येते. चौथ्या मुळाने जे हिरावून घेतले ते वर्गमूळ बरेचसे परत देते. स्टेल्थ नौकेवर चांगला जॅमर आणि भरपूर चॅफ नसेल तर तिच्या आकारावर खर्च केलेला पैसा अर्धा वाया गेला, हे मी अगदी ठामपणे म्हणतो.

तिसरा फायदा वर सांगितलाच. पाचशे टनांची नौका ट्रॉलरएवढी दिसू लागली की शत्रूला शेकडो ठिपक्यांतून एक निवडावा लागतो. त्यासाठी विमान जवळ आणावे लागते, आणि जवळ आलेले विमान आपल्यालाही कळते.

हे परावर्तन घटवतात कसे, त्यात गंमत आहे. रडारला सर्वांत प्रिय असतो कोपरा. तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात मिळाले की लहर जिथून आली तिथेच परत जाते. साध्या युद्धनौकेवर असे कोपरे शेकड्यांनी असतात : डेक आणि केबिनची भिंत, शिडीची पायरी, दोराचे खुंटे, दारूगोळ्याची पेटी, कठडा. म्हणून स्वीडनच्या विस्बी वर्गाच्या नौका पाहिल्या तर त्या कागदाला घड्या घालून केल्यासारख्या वाटतात. ७३ मीटर लांब, साधारण ६४० टनांच्या, कार्बन फायबरच्या. त्यांची ५७ मिलिमीटरची तोफ वापरात नसताना नळी आत मिटून घेते. टर्बाइनचा धूर वर न सोडता मागे, पाण्याच्या जवळून बाहेर काढतात, म्हणजे उष्णता बघणाऱ्या नजरेला धुराडे सापडत नाही. हे सगळे स्वीडनने आधी ‘स्मीगे’ नावाच्या प्रायोगिक नौकेवर १९९० च्या दशकात करून पाहिले आणि मगच २००० मध्ये पहिली विस्बी पाण्यात उतरवली.

कार्बन फायबरबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकतो : धातू नाही, म्हणून रडारला दिसत नाही. काचेच्या फायबरची नौका रडारला बरीचशी आरपार दिसते. मग आतली इंजिने, पाइप, गिअरबॉक्स, सगळा लोखंडी पसारा उघडा पडतो. कार्बन फायबर वीज वाहते, म्हणून तेही लहर परतवते. ती कुठल्या दिशेला परतवायची हे आकाराने ठरवता येते आणि आतले सगळे त्यामागे झाकले जाते. शिवाय ते चुंबकीय नसल्याने चुंबकीय सुरुंगांच्या पाण्यात उपयोगी पडते.

मात्र या सगळ्या कारागिरीचा जीव शिस्तीत आहे. डेकवर एक शिडी विसरली, एक झडप उघडी राहिली, कुणी वाळत घातलेल्या कपड्यांसाठी तार बांधली, की महागडा आकार तेवढ्यापुरता निकामी. शांततेच्या काळात अशा नौका मुद्दाम रडार परावर्तक टांगून फिरतात. त्यामागे दोन कारणे आहेत. शत्रूला त्यांचे खरे परावर्तन मोजता येऊ नये हे एक. दुसरे, व्यापारी जहाजांना त्या दिसाव्यात. लहान नौकेला गर्दीच्या जलमार्गात रात्री फिरणे मुळातच धोक्याचे. आपली आयएनएस प्रहार २००६ च्या एप्रिलमध्ये गोव्याजवळ एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. सगळी माणसे वाचली हे केवढे नशीब, ते त्या वर्गाच्या नौकांवर राहिलेल्या माणसालाच कळेल.

आता त्यांच्या खऱ्या दुबळेपणाकडे येतो, आणि तो आहे डोळ्यांचा.

समुद्राचा पृष्ठभाग वाकलेला आहे. नौकेची अँटेना पाण्यापासून १६ मीटरवर आणि समोरच्या जहाजाची उंची २५ मीटर धरली तर रडारच्या नजरेला ते जहाज ३७ किलोमीटरच्या आसपास दिसू लागते. क्षेपणास्त्र मात्र १८५ किलोमीटर जाणारे, ब्राह्मोस असेल तर २९० आणि त्याहून लांब. हात लांब, नजर आखूड. अरबी समुद्रावर कधी कधी खालची दमट हवा आणि वरची कोरडी उष्ण हवा यांच्यामध्ये रडारच्या लहरी अडकून वाकत वाकत फार दूर जातात. त्या रात्री दीडशे-दोनशे किलोमीटरवरचे किनारे पडद्यावर उमटलेले मी पाहिले आहेत. पण निसर्गाच्या अशा मेहेरबानीवर लढाईचा बेत आखता येत नाही, आणि तीच मेहेरबानी शत्रूवरही झालेली असते.

शिवाय रडार चालू करणे म्हणजे काळोखात विजेरी पेटवणे. आपल्याला जेवढे दिसते त्याच्या कितीतरी दुरून आपण इतरांना दिसतो, कारण त्यांच्यापर्यंत लहरीला एकदाच जायचे असते, परतीचा प्रवास नसतो. सगळी काळजी घेऊन घडवलेली नौका स्वतःचे रडार फिरवू लागली की ती आपणहून हाक मारते. म्हणून लक्ष्य कुठे आहे हे दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागते : गस्ती विमान, ड्रोन, किनाऱ्यावरचे रडार, उपग्रह, पाणबुडी. नौका नुसती ऐकते आणि ठरल्या क्षणी सोडते.

हे नवे शहाणपण नाही. १९७१ मध्येही तसेच होते. आपल्याकडे त्याच वर्षी आठ ओसा वर्गाच्या नौका आल्या होत्या, प्रत्येकी २०० टनांच्या आसपास, प्रत्येकीवर चार स्टिक्स क्षेपणास्त्रे, मारा साधारण ४० किलोमीटर. त्या कराचीला एकट्या गेल्या नाहीत. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर यांच्याबरोबर किलतान आणि कच्छल ही दोन मोठी जहाजे होती, कारण त्यांची रडार आणि संदेशयंत्रणा अधिक चांगली होती. नौकांना ओढत नेण्याचा सराव झाला होता, कारण त्या मुळात स्वतःचे बंदर राखण्यासाठी बनवलेल्या. रात्र निवडली कारण पाकिस्तानी हवाई दलाकडे रात्री समुद्रावर शोध घेऊन मारा करण्याची फारशी सोय नव्हती. म्हणजे डोळे, इंधन आणि छत, तिन्हींची उणीव आधी ओळखून बेत आखला होता. कमांडर बब्रू भान यादव यांना त्या रात्रीबद्दल महावीर चक्र मिळाले. त्यांच्या धाडसाचे कौतुक सगळे करतात. माझ्या मते त्या बेतातला हिशेब धाडसापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

आणि संशय काय करतो, ते त्याच मोहिमेत दिसले. निर्घातच्या क्षेपणास्त्राने जखमी झालेल्या खैबर या पाकिस्तानी विनाशिकेने आपल्या मुख्यालयाला कळवले की शत्रूच्या विमानाने हल्ला केला आहे. पुढचे क्षेपणास्त्र येईपर्यंत ती आकाशाकडे बघत होती. दोनच दिवसांनी, ६ डिसेंबरला, पाकिस्तानच्या विमानांनी झुल्फिकार या स्वतःच्याच फ्रिगेटवर गोळीबार केला, तिला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून. आपल्या नौका तेव्हा तिथे नव्हत्याही. मग ८ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांपैकी विनाश एकटीच चार क्षेपणास्त्रे घेऊन, तलवार आणि त्रिशूल या फ्रिगेटच्या सोबतीने परत गेली आणि कराचीच्या किमाडीचे तेलसाठे पुन्हा पेटले.

त्याआधी २१ ऑक्टोबर १९६७ ला इजिप्तच्या छोट्या कोमार नौकांनी पोर्ट सैद बंदरातूनच क्षेपणास्त्रे सोडून इस्राएलची एलात ही विनाशिका बुडवली होती. ४७ नौसैनिक गेले. सगळ्या नौदलांना त्या दिवशी कळले की दोनशे टनांच्या आतली नौका दोन हजार टनांच्या जहाजाला पुरी पडू शकते. इस्राएलने मात्र त्यातून दुसराच धडा घेतला, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये लताकियाजवळ त्यांच्या पाच नौका सीरियाच्या नौकांना भिडल्या. सीरियाच्या स्टिक्सचा पल्ला इस्राएलच्या गॅब्रिएलच्या दुप्पट. तरी इस्राएली नौका चॅफ आणि जॅमर वापरत त्या माऱ्यातून पुढे घुसल्या, जवळ गेल्या आणि समोरच्या पाचही सीरियन नौका बुडवून एकही न गमावता परतल्या. लांब हातापेक्षा चांगली भूल मोठी ठरली. आजच्या स्टेल्थ नौकेची जन्मवेळ मी ती रात्र मानतो.

याच्या उलट बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. १९९१ च्या जानेवारीअखेरीस कुवेतच्या बुबियान बेटाजवळ इराकच्या नौकांची वाताहत झाली. ब्रिटिश लिंक्स हेलिकॉप्टरे सी स्क्यूआ क्षेपणास्त्रे घेऊन येत, नौकांच्या विमानवेधी माऱ्याच्या बाहेरून सोडत आणि निघून जात. नौकांच्या हातात काही नव्हते. लहान नौकेचा काळ हेलिकॉप्टर आहे, हे तेव्हापासून पक्के झाले. १४ जुलै २००६ ला लेबनॉनजवळ इस्राएलची हानित हे स्टेल्थ आकाराचे जहाज किनाऱ्यावरून आलेल्या क्षेपणास्त्राने जखमी झाले, चार जण गेले. असा हल्ला होईल अशी अपेक्षाच नव्हती, बचावाची यंत्रणा सज्ज नव्हती. तिरक्या भिंती एकट्या कुणाला वाचवत नाहीत.

आणि १ फेब्रुवारी २०२४. रशियाची इव्हानोव्हेत्स ही क्षेपणास्त्र नौका क्रिमियाच्या दोनुझलाव्ह सरोवरात होती. युक्रेनचे मागुरा जातीचे बिनमाणसांचे तरांडे, प्रत्येकी साडेपाच मीटर लांब, एकामागून एक येऊन तिच्यावर आदळले आणि ती बुडाली. तिचा आराखडा आपल्या वीर वर्गाच्या नौकांच्याच घराण्यातला. ती चित्रफीत पाहताना मला तिचे पुढचे टोक, डोलकाठी, मागच्या तोफांची जागा, सगळे घरच्यासारखे ओळखीचे वाटले. तिच्याकडे मिनिटाला हजारो गोळ्या झाडणाऱ्या ३० मिलिमीटरच्या तोफा होत्या. पण त्या मुख्यतः क्षेपणास्त्रे आणि विमाने पाडायला बनवलेल्या. पाण्याला टेकून, रात्री, चहूबाजूंनी येणाऱ्या वस्तूंसाठी ती नजरही नव्हती आणि बहुधा तशी तालीमही झालेली नसावी. १९६७ मध्ये लहान नौकेने मोठ्या जहाजाचे जे केले, तेच तिच्याहून लहान वस्तूने तिचे केले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमच्या प्रश्नातला ड्रोनचा मुद्दा म्हणून मी अतिशय गंभीरपणे घेतो. ड्रोन आल्यापासून सर्वांत मोठा फरक असा की जवळ जाऊन खात्री करणे स्वस्त झाले. पूर्वी ट्रॉलर की नौका हे बघायला दहा-बारा माणसांचे विमान धोक्यात घालावे लागे. आता माणूस न गमावता ते कळते. संशय विकत घेणे महाग झाले आहे.

मग आजही या नौका कुठे शोभतात? जिथे जमीनच अर्धे काम करते तिथे. नॉर्वेच्या शॉल्ड वर्गाच्या सहा नौका घ्या. ४७ मीटर लांब, पावणेतीनशे टनांच्या आसपास, दोन कण्यांच्या मधे हवेची गादी भरून ६० नॉट धावणाऱ्या. गादीवर असताना त्यांना मीटरभर पाणी पुरते. फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, उभ्या कड्याला लागून अशी नौका उभी राहिली की रडारला नौका आणि कडा वेगळे काढता येत नाहीत. कड्याचाच प्रतिध्वनी एवढा प्रचंड असतो. त्यांचे एनएसएम क्षेपणास्त्र स्वतः रडार वापरत नाही, उष्णतेचे चित्र बघून जहाज ओळखते आणि म्हणून बेटांच्या गर्दीतही चालते. त्याआधीचे त्यांचे पेंग्विनही उष्णताच शोधायचे. नॉर्वेने पन्नास वर्षे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधले : आमच्याच खडकांत लढायचे तर काय लागेल? फिनलंडच्या हामिना वर्गाच्या चार नौका त्यांच्या द्वीपसमूहासाठी अशाच घडलेल्या. चीनने २००४ पासून हौबेई वर्गाच्या दोन कण्यांच्या नौका साठाहून अधिक बांधल्या. त्यांचा मार्ग निराळा : किनाऱ्यावरच्या विमानांच्या छत्राखाली, झुंडीने, प्रत्येकीवर आठ क्षेपणास्त्रे. आणि जर्मनीने २०१६ मध्ये आपल्या शेवटच्या क्षेपणास्त्र नौका निवृत्त केल्या, कारण त्यांचे नौदल दूरच्या समुद्रात जाऊ लागले होते. चौघांचेही निर्णय मला आपापल्या जागी बरोबर वाटतात.

आपला पश्चिम किनारा फियोर्ड नव्हे. कोकणात खाड्या आहेत. कान्होजी आंग्र्यांची गलबते त्याच खाड्यांच्या मुखाशी दबा धरून बसत, वारा पडला की वल्ह्यांवर बाहेर पडत आणि शिडांच्या जड जहाजांना मागून गाठत. तो आमच्या धंद्याचाच पूर्वज, आणि तरुण अधिकाऱ्यांनी तो अभ्यासावा असे मला मनापासून वाटते. पण आजच्या नौकेला त्या खाड्यांत गाळामुळे हवे तेवढे पाणी मिळत नाही, आणि मुखाबाहेर आले की समोर सरळ उघडा समुद्र. जून ते सप्टेंबर त्या समुद्रात लहान नौकेवर माणसे लढणे सोडा, धड उभीही राहू शकत नाहीत. पावसाळ्यात भर समुद्रात सापडलो तेव्हा चाळीसेक माणसांपैकी निम्मी उलट्यांनी आडवी झालेली मी पाहिली आहेत. डिसेंबर १९७१ चा समुद्र शांत होता, हे कराचीच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. आपल्या बाजूला आडोसा आहे तो ट्रॉलरांचा, तेलविहिरींच्या मनोऱ्यांचा, व्यापारी वाहतुकीचा. तो खडकासारखा पक्का नाही, पण आहे.

म्हणून आपले नौदल ज्या नव्या पिढीच्या क्षेपणास्त्र नौका बांधून घेत आहे त्या जुन्यांपेक्षा मोठ्या असणार, आणि ते मला पटते. मार्च २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी सहा नौकांचा ९,८०५ कोटी रुपयांचा करार झाला. त्याच महिन्यात ब्राह्मोस डागणाऱ्या, ट्रकवरून फिरणाऱ्या किनारी तोफखान्यासाठीही १,७०० कोटींहून अधिकचा करार झाला. या दोन करारांकडे एकत्र बघा. नौकेचा खरा स्पर्धक फ्रिगेट नाही, तो ट्रक आहे. एप्रिल २०२२ मध्ये मोस्क्वा हे साडेअकरा हजार टनांच्या आसपासचे रशियन क्रूझर बुडाले ते किनाऱ्यावरून सुटलेल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी. ट्रक स्वस्त, झाडाखाली लपतो, त्याला पावसाळा लागत नाही. मग नौका कशाला? कारण ट्रक कुठल्या पट्ट्यात असेल ते शत्रूला ठाऊक असते. नौका रात्रीत तीनशे सागरी मैल सरकून अशा दिशेने येते जिथे कुणी बघत नाही. शत्रूला सगळ्याच दिशांना डोळे लावून बसावे लागते, आणि थकलेला पहारा चुकतो.

फ्रिगेटची तुलना तुम्ही केलीत, तर एवढेच म्हणेन की ती दोन वेगळी कामे आहेत. फ्रिगेट पाणबुडी शोधते, महिनाभर समुद्रात राहते, व्यापारी ताफा राखते. नौकेला दोन-तीन दिवसांत गोडे पाणी, इंधन आणि झोप लागते. एकीच्या पैशातून दुसरी घेता येत नाही. घेतली तर एक काम उघडे पडते.

माझ्या हाती तो पैसा असता तर मी आणखी दोन नौका न मागता करार झालेल्या सहांवरच खर्च करा म्हटले असते. प्रत्येकीवर हेलिकॉप्टर त्याच्या क्षेपणास्त्राच्या पल्ल्याबाहेर थोपवू शकेल असे विमानवेधी क्षेपणास्त्र हवे. विस्बी नौका वर्षानुवर्षे त्याशिवाय राहिल्या आणि स्वीडनने अखेर त्यासाठी सी सेप्टर निवडले. पाण्याला टेकून येणाऱ्या तरांड्यांसाठी चहूबाजूंना उष्णतादर्शी कॅमेरे आणि हाताने चालवायच्या जड मशिनगनही हव्यात. तोफ कितीही हुशार असली तरी डेकवर डोळे उघडे असलेला जवान लागतोच. प्रत्येकीबरोबर स्वतःचे दोन छोटे टेहळणी ड्रोन, गोव्याच्या हंसा तळावरच्या पी-८आय गस्ती विमानांशी न तुटणारा डेटा लिंक, आणि चॅफ व फसवे तरंगते लक्ष्य एवढे भरपूर की सरावात वापरताना कुणी हात आखडता घेणार नाही. शेवटची मागणी आमच्या काळात सर्वांत आधी कापली जायची. सराव होत, पण चॅफ ‘सोडले असे समजा’ म्हणून नोंदवहीत लिहिले जाई. वाऱ्यात तो ढग कसा फाटतो, वळताना नौका त्याच्या आड नक्की केव्हा जाते, हे खरा ढग सोडल्याशिवाय कुणालाच शिकता येत नाही.